दुपारच्या खेपेची तक्रार

रेणुका फोनवर नुसतं "जेवले" म्हणते तेव्हा ती बहुतेक जेवलेली नसते. जेवलेली असली की काय जेवली तेही सांगते. भाजी खारट झाली होती, शेजारणीनं धपाटे दिले होते, असं काहीतरी. त्रेचाळीस वर्षांच्या मुलीच्या जेवणाची चौकशी करू नये, हे मला कळतं. पण गुरुवारपासून ती तेवढंही म्हणत नाही. "बरी आहे, ठेवते," एवढंच. आज रविवार, चौथा दिवस. उद्या दुपारी तिला एका तक्रारीचा निकाल लिहायचा आहे. त्या निकालाच्या ओझ्यानं ती अशी झाली आहे की माझ्यामुळे, हे मला ठरवता येत नाही. रात्रीचे पावणेदोन वाजलेत. अंथरुणावर पडलं की सगळं एकदमच डोक्यात येतं, लिहायला बसलं की निदान एकामागून एक येतं, म्हणून बसले आहे.

यंदा, म्हणजे एकोणीस सालच्या दुष्काळात, जिल्ह्यानं टँकर, गटारं, दिवाबत्ती, दाखले यांच्या तक्रारी ऐकायला माणसं नेमली. रेणुका बीडला वकिली करते, तिला आमच्या गावासकट सहा गावं दिली. कागदावर तिचं पद "तक्रार निवारण प्राधिकारी" असं आहे. लोकांच्या तोंडात ते बसत नाही, लोक लोकपाल म्हणतात. आमचं गाव मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना लागतं. नाव लिहीत नाही. चार वर्षांपूर्वी गावाची नगरपंचायत झाली, तेव्हापासून पाट्या मोठ्या झाल्या, बाकी तेच.

स्वतःच्या गावच्या तक्रारी मला नकोत, असं तिनं लेखी कळवलं होतं. दुसरं कुणी तयार होईना. मग तिनं स्वतःलाच नियम घालून घेतले. सुनावणीच्या दिवशी आईच्या घरी यायचं नाही. कुठल्याही तक्रारीबद्दल फोनवर बोलायचं नाही, माझ्याशीसुद्धा नाही. ज्याला जे सांगायचं असेल त्यानं पंडितकडे नोंदवायचं आणि नंबर घ्यायचा. पंडित हा तिला दिलेला लिपिक, आमच्याच गावचा. गुडघे धरलेत म्हणून खुर्चीवर ठेवायला घरून उशी आणतो.

तर दर गुरुवारी माझी मुलगी साडेनऊच्या गाडीनं येते, माझ्या दारापासून चारशे पावलांवर दिवसभर बसते, स्वतःचा डबा खाते आणि चारच्या गाडीनं परत जाते. पहिल्या गुरुवारी मी थालीपीठं लावून वाट बघत बसले होते. दुसऱ्या गुरुवारपासून मीच तिकडे जायला लागले. सुनावणी सगळ्यांना खुली असते. मी मागच्या भिंतीशी बसते आणि तिला बघते.

ती लहानपणापासून अशीच आहे. आमची आणि तिच्या चुलत्यांची विहीर सामाईक होती. दुपारी बारापर्यंत आमची मोटार, पुढं त्यांची. एका उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं आणि दोघं भाऊ मिनिटामिनिटावरून भांडायला लागले. तिच्या वडिलांनी अकरा वर्षांच्या रेणुकाला हातात घड्याळ देऊन विहिरीवर बसवलं, चुलता आपल्या वेळेत हात घालतो का ते बघायला. बारा वाजले, तसं तिनं उठून बापाचीच मोटार बंद केली. मेथीचे दोन वाफे कोरडे राहिले. "कुणाच्या बाजूनं बसवलं होतं तुला?" असं ते ओरडले, तर ही म्हणाली, "तुम्हीच म्हणलात ना, बारा म्हणजे बारा." ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नंतर मात्र ही गोष्ट पाहुण्यांना तेच सांगायचे.

लातूरला दिली होती. चार वर्षांनी परत आली. भांडण नव्हतं, मारहाण नव्हती. "तिथं मी नुसती असते," एवढंच म्हणाली. मग वकिलीची परीक्षा दिली, बीडला दोन खोल्या घेतल्या. त्या खोल्यांत रात्री ती एकटी काय करते, याची काळजी मला पंधरा वर्षं पुरली आहे.

सुनावणीला जागा मिळाली ती आमच्या महिला दूध संस्थेची. त्या संस्थेची मी अठरा वर्षं सचिव होते. गावात मला अजून सचिवबाईच म्हणतात. मागच्या दिवाळीनंतर जनावरं चारा छावणीत गेली, काही विकली गेली, दूध आटलं आणि आम्ही शटर ओढलं. आता तिथं फॅट बघायच्या यंत्रावर प्लास्टिक टाकलं आहे, पंडितचं टेबल मापाच्या ओट्याशेजारी आहे, आणि लोक रिकाम्या कॅन उलट्या करून त्यांवर बसतात. फरशी कितीही धुतली तरी आंबट वास जात नाही.

रेणुकाची कामाची रीत अशी. तक्रारीला नंबर द्यायचा, पावती द्यायची. नगरपंचायतीला उत्तराला पंधरा दिवस. मग जिथली तक्रार असेल तिथं स्वतः जाऊन बघायचं, कुणाला न सांगता. मग दोन्ही बाजू एका खोलीत समोरासमोर. निकाल लिहून झाला की तो मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि तक्रार करणाऱ्याला म्हणायचं, "आता तुम्ही मला सांगा, मी काय लिहिलं." त्याला सांगता आलं नाही तर ती पुन्हा सोपं करून लिहिते. तिच्या हातात दंड नाही, कुणाला काढायचा अधिकार नाही. ती फक्त अमुक करावं असं लिहू शकते. नगरपंचायतीनं नाही केलं तर पुन्हा तोच नंबर उघडायचा.

धोंडीराम नावाच्या शिंप्याची तक्रार माझ्या लक्षात आहे. कचऱ्याची घंटागाडी सकाळी गाणं लावून येते, पण थांबत नाही.

"मी बादली घिऊन मागं पळतो, म्याडम. सोळा दिस पळालो. सतराव्या दिशी बायको म्हणली, बादली हितंच ठिवा आन तुमीच गाडीत बसून जा."

खोलीत हशा झाला. रेणुका हसली नाही, पण पेन खाली ठेवलं. तिनं लिहिलं, गाडी प्रत्येक गल्लीत दोन मिनिटं थांबावी. नगरपंचायतीनं दुसऱ्या दिवशी गाणं बंद केलं. गाडी तशीच पळत राहिली. वर उत्तर आलं की घंटागाडीबाबतची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. तिनं नंबर पुन्हा उघडला. मग पुन्हा. सात आठवड्यांनी गाडी थांबली. धोंडीराम आला तो आभार मानायला नाही, "गाणं चांगलं होतं, त्ये कावून बंद केलं?" हे विचारायला. पंडितनं त्यालाही नंबर दिला.

म्हाताऱ्या आप्पांनी एकदा विचारलं, "पावसाची तक्रार लिव्हायची तर तुमच्याकडंच का?"

"ती माझ्या कक्षेत नाही, आप्पा."

"मंग कक्षा लई ल्हान हाय तुमची."

एप्रिल संपेपर्यंत चाळीस तक्रारी झाल्या. त्यातल्या निम्म्या दोनदा-तीनदा उघडलेल्या. गुरुवारी संध्याकाळी ती गाडीकडे जाताना मी लांबून बघायची. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेताना ती उभी राहायची. आधी असं नव्हतं.

एकेचाळिसावी तक्रार वेशीमागच्या गल्लीची. तिच्याबद्दल लिहायचं तर मला मार्चपासून सांगावं लागेल.

त्या गल्लीत साठेक घरं आहेत, मोमिनांची आणि आपल्यातली, मिसळलेली. टँकरच्या रोज दोन खेपा मंजूर होत्या, सकाळची आणि दुपारची. टँकरबरोबर एक खेपवही असते. खेप आली की तारीख, वेळ आणि गल्लीतल्या दोन बायांच्या सह्या. सह्या झाल्याशिवाय पाणी सोडायचं नाही, कारण त्या सह्यांवर कंत्राटदाराचं बिल निघतं. सहीसाठी नेमलेल्या दोघी, छबुबाई आणि जरीना. छबुबाई आमच्या दूध संस्थेत पहिल्या दिवसापासून होती. जरीनाचा नवरा पाटोद्याला फळांची गाडी लावतो. छबुबाई दुपारी छावणीवर, तिची गाय तिथं. जरीना रोजगार हमीच्या कामावर. दुपारची खेप आली की सहीला कुणी नाही. ड्रायव्हर सुग्रीव दहा मिनिटं हॉर्न वाजवायचा आणि भरलेला टँकर घेऊन पुढच्या गल्लीला जायचा. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी बाया माझ्याकडे आल्या.

मी त्यांना उपाय सांगितला. डेअरीत आमच्या संचालक बाया कधीच एका वेळी जमायच्या नाहीत. कुणाची म्हैस व्यालेली, कुणाची सून माहेरी. म्हणून महिन्याच्या पहिल्या तारखेला मी प्रोसिडिंगचं पुस्तक घरोघर फिरवायची आणि महिनाभराच्या सभांच्या सह्या एकदम घ्यायची. अठरा वर्षं तसंच चाललं. गावातल्या सगळ्याच सोसायट्या तशाच चालतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. मी म्हटलं, "अगं, डेअरीत करत होतो तसं करा की. पानभर सह्या एकदाच करून ठेवा. सुग्रीव पाणी सोडेल आणि जाईल."

छबुबाईला सहीपुरतं येतं. जरीनाला लिहिता येतं, पण तिला वेळ नव्हता. खेपवही मीच मागवून घेतली. पट्टीनं रेघा मारल्या. एप्रिलच्या तीस तारखा, प्रत्येक तारखेला दोन ओळी, सकाळ आणि दुपार, मी लिहिल्या. दोघींनी माझ्या ओसरीवर बसून साठ साठ सह्या केल्या. जरीना म्हणाली, "बोट दुखायला लागलं, काकू. निकाहनाम्यावर बी एवढं लिव्हलं न्हवतं." आम्ही चहा घेतला. मार्च संपायच्या आत मेचं पानही तसंच भरून ठेवलं.

डेअरीत त्या सह्यांनी कुणाचं काही बिघडलं नाही, कारण दूध रोज सगळ्यांसमोर मापलं जायचं. सभा झाली काय, न झाली काय, दूध खरं होतं. टँकरला मापच नाही. तिथं सही हेच माप आहे. हे मला मेमध्ये सुचलं. मार्चमध्ये सुचायला हवं होतं. मी बी. ए. झालेली बाई आहे, अठरा वर्षं वह्या ठेवल्या आहेत, आणि सुचलं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारची खेप बंद झाली. वही भरलेलीच होती, मग कंत्राटदारानं टँकर कशाला पाठवायचा? सुग्रीवला डिझेल एकाच खेपेचं मिळायला लागलं. बाया आधी वाट बघत बसल्या, मग भांडल्या, मग मे उजाडल्यावर पंडितकडे जाऊन नंबर घेतला. अर्जावर आपला अंगठा नको, सही हवी, असं छबुबाईनं हट्टानं सांगितलं. सहीचा तिला अभिमान आहे.

रेणुका एका आठवड्यात तीन दुपारी गावात आली. मला कळवलं नाही. छबुबाईच्या ओट्यावर अकरा ते चार बसली. वीस, एकवीस आणि बावीस मे. टँकर आला नाही. तिसऱ्या दिवशी जरीनाच्या सासूनं, अजमतबीनं, तिला चहा दिला तर तिनं घेतला नाही. अजमतबी अजून नाराज आहे. "ऐसी कैसी लोकपाल, घोटभर चहानं काय निकाल बदलतो का?" असं मला येऊन म्हणाली. मी म्हटलं, "माझ्या घरचाही घेत नाही." तेव्हा जरा शांत झाली.

मग गेला गुरुवार.

नगरपंचायतीचे मुख्याधिकारी स्वतः आले होते. तरुण आहेत, नवीन बदलून आलेले, डोळ्यांखाली काळं. माणूस वाईट वाटला नाही. त्यांनी खेपवही टेबलावर ठेवली आणि पान उघडून दाखवलं.

"मॅडम, माझ्याकडं सत्तावीस गल्ल्या आणि पाच टँकर. मी काय प्रत्येक टँकरमागं धावू? माझ्याकडं ही वही आहे. सकाळ, दुपार, रोज दोन सह्या. तक्रार करणाऱ्यांच्याच."

रेणुकानं वही ओढून घेतली. "छबुबाई, ही सही तुमची?"

"माझीच हाय."

"एकवीस तारखेची, दुपारची?"

"व्हय."

"एकवीस तारखेला दुपारी मी तुमच्या ओट्यावर होते. टँकर आलता का?"

"न्हाई आलता."

"मग सही?"

छबुबाईनं पदर तोंडाशी धरला. जरीना उठून उभी राहिली. "ताई, सह्या आधीच केल्या होत्या. पान भरून. दुपारी आमी कामावर असतो, टँकर माघारी जायचा, म्हणून."

मुख्याधिकाऱ्यांनी हात जोडले. "बघा म्हणजे. सही खरी असेल तर पाणी आलंय. सही खोटी असेल तर गुन्हा सही करणारीचा. सरकारी नोंद खोटी भरली म्हणून मला कळवावं लागेल, नाही कळवलं तर मी अडकतो. तुम्ही वकील आहात, तिसरं काही असेल तर सांगा."

"सुग्रीव," रेणुका म्हणाली, "वही तुमच्याकडं कशी आली?"

"तयारच आलती, म्याडम. मला कुणी बी विचारलं न्हाई. मी टँकर भरतो आन सोडतो. डिझेल एका खेपंचं दिलं तर दोन खेपा कशा करू? लोटत नेऊ का?"

"आधीच सह्या करा, असं तुम्हाला कुणी सांगितलं?" हा प्रश्न दोघींना होता.

मी मागच्या भिंतीशी कॅनवर बसले होते. छबुबाईची पाठ माझ्याकडं होती. तिनं मागं वळून बघितलं नाही, जरीनानंही नाही.

"कुणी न्हाई," छबुबाई म्हणाली. "आमचं आमीच."

"या तारखा कुणी लिहिल्या?"

"त्ये... लिव्हल्या कुणीतरी. ध्यानात न्हाई."

रेणुकानं तारखांच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि वरून खाली नेलं. सावकाश. पान उलटलं, एप्रिलवरही तसंच नेलं. तिला पाटीवर आकडे मी शिकवले आहेत. लातूरहून परत आल्यावर दूध संस्थेची बिलं ती माझ्या हाताखाली तपासायची. माझं अक्षर ती ओळखणार नाही, असं होईल का? तिनं मान वर केली नाही. खोलीत कुणाकडंही बघितलं नाही. वही मिटून पंडितकडं दिली आणि म्हणाली, "निकाल सोमवारी."

डबा तसाच पिशवीत घेऊन ती गाडीला गेली.

शुक्रवारी सकाळी छबुबाई माझ्याकडं आली. ओसरीच्या पायरीवर बसली, आत आली नाही.

"सचिवबाई, तुमचं नाव आमी घेतलं न्हाई. घेणार बी न्हाई. जरीनाला बी सांगितलंय. तुमच्या लेकीची खुर्ची जायची, त्ये आमाला नको."

"पण छबुबाई, गुन्हा दाखल केला तर?"

"करू द्या. मला पोलीस न्हेऊन काय करत्याल? गाईला चारा तर त्येंलाच घालावा लागंल." ती हसली. मग म्हणाली, "जरीनाचं तेवढं बगा. तिच्या घरात लई बोलणं व्हतंय. नवरा म्हणतो, तू सही करायला गेलतीसच कावून?"

मी चहा ठेवला. ती चहा पिऊन गेली. मी बोलले नाही, हे इथं लिहून ठेवते.

शुक्रवार, शनिवार, आज, मी स्वतःला एकच सांगत राहिले. रेणुकाचाच नियम आहे, तक्रारीबद्दल फोनवर बोलायचं नाही. मी तिला फोन करून सांगणं म्हणजे तिचा नियम मोडणं. तो नियम मला फार सोयीचा झाला. त्याच्या आड तीन दिवस बरे गेले. म्हणजे बरे नाहीच गेले.

आता ती काय लिहू शकते ते मी बसून बघितलं आहे. दुपारी टँकर येत नाही, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून तक्रार खोटी असं ती लिहिणार नाही. मरेल पण लिहिणार नाही. तक्रार खरी असं लिहिलं, तर सह्या खोट्या ठरतात आणि मुख्याधिकारी छबुबाई-जरीनाचं नाव पुढं पाठवतात. त्या दोघी "आमचं आमीच" असं म्हणून बसल्या आहेत. सह्या कशा झाल्या, कशासाठी झाल्या, कुणाच्या सांगण्यावरून झाल्या, हे सांगणारं कुणीतरी उभं राहिलं, तर ती वही खेपांचा पुरावा राहत नाही. ती नुसती आगाऊ भरून ठेवलेली वही होते. त्यात त्या दोघींचा डाव नव्हता, एवढं तरी कागदावर येतं. ते सांगू शकणारी बाई मी आहे.

आणि मी सांगितलं की रेणुकाला ही तक्रार सोडावी लागेल. आई साक्षीदार असताना ती निकाल लिहिणार नाही, कुणी अडवलं नाही तरी. प्रकरण बीडला दुसऱ्याकडं जाईल, महिना जाईल, तोवर जून सरेल. दुपारची खेप आली नाही ती नाहीच. नगरपंचायतीतले लोक तर वाटच बघत आहेत. लोकपालाच्या आईनंच खोटी वही भरली, हे पारावर, हॉटेलात, सगळीकडं जाईल. तिच्या बाकीच्या चाळीस तक्रारींवरही बोट दाखवतील. बहुतेक तिला काढतीलच. चार महिने ती दर गुरुवारी माझ्या घरावरून तोंड फिरवून गेली ती यासाठीच, असं कुणी म्हणू नये म्हणून. आणि ते म्हणायची संधी मीच देणार.

हे पद गेलं तर ती काय करेल? कोर्टात जाईल, तारखा घेईल. संध्याकाळी त्याच दोन खोल्या. या कामात ती थकली आहे, पण हे काम तिला आवडतं. धोंडीरामची गाडी थांबली त्या गुरुवारी ती कॅनवर बसून एकटीच हसत होती, ते मी पाहिलं आहे. आईनं मुलीचं असं काही काढून घ्यावं का?

हा प्रश्न मी दोन तास उलटसुलट करते आहे. आणि मध्येच मला दुसरं दिसतं. तिनं अक्षर ओळखलं असेल, तर ती गुरुवारपासून गप्प आहे ती याच विचारात, की आई सांगते की नाही. आणि ती मला विचारणार नाही. विचारलं तर तो माझ्यावर दबाव होईल. उद्या दुपारी दोन वाजता ती कागद घेऊन बसेल. माझं नाव तिनं स्वतः लिहायचं की लिहायचं नाही, हे तिला एकटीला ठरवावं लागेल. लिहिलं तर आईला अडकवलं. नाही लिहिलं तर तिला स्वतःचं तोंड आरशात बघवणार नाही. तिला मी कुठं आणून ठेवलं आहे ते आत्ता लिहिताना नीट कळलं. खुर्ची जाण्यापेक्षा ते वाईट आहे.

अजमतबीची नात, जरीनाची मुलगी, शेजारच्या खोलीत झोपली आहे. उन्हाळ्यात त्यांच्या पत्र्यात झोपवत नाही म्हणून ती रात्री माझ्याकडं येते. मी दिवा चालू ठेवला आहे तर कूस बदलते. सकाळी उठून ती आईबरोबर पाण्याला जाईल, दोन घागरी. दुपारी पुन्हा जाईल आणि रिकामी येईल. जरीनाला पोलीस पाटलानं बोलावलं तर तिला ते पाण्याच्या रांगेत कुणीतरी सांगेल.

चार वाजून गेलेत. रेणुकाला फोन करायचा नाही. तिनं उचलला तर मी काळजीनं विचारत बसेन, रडेन, आणि जे सांगायचं ते तिच्या कानावर आईच्या आवाजात जाईल. ते बरोबर नाही.

पंडित पहाटे साडेपाचला उठतो, गुडघ्यांना तेल लावतो, मोबाईल चार्जिंगवरून काढतो. त्याला फोन करते. काय बोलायचं ते लिहूनच ठेवते, म्हणजे अडखळायला नको. पंडित, तक्रार नंबर एकेचाळीस. त्यात एका साक्षीदाराचा जबाब राहिला आहे. मी आठ वाजता येते, शटर उघडून ठेवा. खेपवहीतल्या तारखा माझ्या अक्षरात आहेत आणि आगाऊ सह्या करायला मी सांगितलं. बीडला त्यानंतरच्या पहिल्या गाडीनं कागद जाईल असं बघा, निकाल लिहायच्या आधी तो मॅडमच्या हातात पडला पाहिजे.

तो म्हणेल, सचिवबाई, आधी लेकीशी तर बोला. मी म्हणेन, तुम्ही नंबर द्या.